डब्ब्यातली आत्या

आमची आत्या आधी मारायची आणि मग कशासाठी मारलं ते सांगायची. कधी कधी सांगायचं राहूनही जायचं. माझ्या दुकानात येऊन तिनं "काय रं, बरा हाईस का" असं विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही. पाठीत सणसणीत धपाटा बसला की मान न वळवताच कळायचं, आत्या आली. समोर गिऱ्हाईक असो, कंपनीचा माणूस असो, तिला कशाचं सोयरसुतक नव्हतं. एकदा मी वैतागून म्हणालो, "आत्या, दोन लेकरांचा बाप झालो मी. चारचौघांत मारत नको जाऊ." तिनं आणखी एक ठेवून दिला आणि म्हणाली, "मग आत चल, एकल्याला मारते."

वस्तीवर, बाजारात, पार नेकनूरपर्यंत तिला सगळे गोफणआत्या म्हणत. खरं नाव आधार कार्डावर होतं, ते तिथंच राहिलं. कमरेला कायम गोफण आणि लुगड्याच्या ओट्यात गोल दगड. पळत्या लांडग्याच्या कानशिलात ती दगड घालायची. हे मी ऐकीव सांगत नाही, कुणाला थाप वाटत असेल तर त्यानं समोर येऊन बोलावं. मी तिच्यासोबत होतो. लांडगा कोलमडला तशी ही काठी घेऊन धावली आणि त्याचं डोकं चेचूनच थांबली. मग मातीला हात पुसले, आणि मला म्हणते, "फडकं सोड, भाकरी खाऊ." माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तिनं माझ्या वाटणीची चटणीसुद्धा संपवली.

माझं दुकान पाटोद्याला, स्टँडच्या रस्त्यावर. मोबाइल दुरुस्ती, रिचार्ज आणि 'गाणी भरून मिळतील'. सगळं जग फोनवर ऐकत असताना कार्डात गाणी कोण भरून घेतं, असं शहरातल्या शहाण्याला वाटेल. त्या शहाण्यानं एकदा आमच्या बालाघाटाच्या डोंगरात येऊन रेंज शोधून दाखवावी. मेंढरामागं फिरणाऱ्याला रेंज नसते आणि फोन चार्जिंगला लावायला भिंतही नसते. त्याच्याजवळ असतो डब्बा. मुठीएवढा स्पीकर, त्यात मेमरी कार्ड, एकदा चार्ज केला की दिवसभर बोंबलत राहणारा. कुणी तो गळ्यात अडकवतं, कुणी काठीला बांधतं, कुणी सरळ एडक्याच्या गळ्यात घालून मोकळं होतं. हेडफोनचं तर नावच काढायचं नाही. कानात बोंडं घालून मेंढरं राखता येत नाहीत. लांडगा आला, कोकरू अडकलं, हे आधी कानालाच कळतं. म्हणून डब्बा एकाचा असला तरी ऐकतो अख्खा माळ.

मला स्वतःला पॉडकास्ट ऐकायचा नाद होता. दोन शिकलेली माणसं समोरासमोर बसून यशस्वी कसं व्हायचं यावर तासभर बोलतात, तसलं एक मी गमतीनं आत्याच्या डब्ब्यात गाण्यांच्या मधे घालून दिलं. पुढच्या बाजारी तिनं डब्बा माझ्या छातीवर फेकून मारला.

"कोण हाय ह्यो मुडदा? दिसभर माझ्यामागं फिरला. निस्तं 'म्हणजे कसंय, म्हणजे कसंय'. कुणी कुणाला मारलं न्हाई, कुणाचं काय चोरीला गेलं न्हाई. का म्हनून बोलत व्हता त्ये तरी सांग मला!"

मी छाती चोळत म्हणालो, "आत्या, याला पॉडकास्ट म्हणतात. कुणीतरी बोलतं, लोक ऐकतात."

"मंग मी काय मुकी हाय?" आत्या म्हणाली, आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

दुकानामागच्या खोलीत मी गोधड्या टांगल्या, फोन तिच्या तोंडासमोर धरला आणि आमचा पॉडकास्ट सुरू झाला. नाव अर्थातच 'गोफण'. एपिसोड हा शब्द तिच्या जिभेवर बसेना, तेव्हा ती एकेका भागाला दगड म्हणायला लागली. "आज एक दगड टाकायचा हाय" म्हणत आली की मी शटर अर्धं ओढायचो. सुरुवात ठरलेली: "काठी टेकव मुडद्या, आन् ऐक." शेवटही ठरलेला: "झालं. ऊठ, मेंढरं बघ." आणि मधे कुणाचं ना कुणाचं तरी रक्त सांडायचंच. साखर कारखान्याच्या वॉचमनशी झालेली तिची मारामारी, लग्नात मटणावरून पेटलेलं भांडण आणि त्यात वरबापाच्या डोक्यात बसलेलं पातेलं. सासूनं हिला पहिल्याच वर्षी उलथन्यानं डागलं होतं. हिनं तेच उलथनं तापवून सासूला परत डागलं, आणि त्यानंतर दोघी गुण्यागोविंदानं नांदल्या. हे सांगताना ती मनगटावरचा व्रण फोनला दाखवायची. मी म्हणायचो, "आत्या, यात दिसत नाही." ती म्हणायची, "ज्याला बघायचं त्ये बघंल."

पहिला दगड तासाभराचा झाला होता आणि तिथं माझी फजिती झाली. हे स्वस्तातले डब्बे बंद करून परत लावले की थांबले तिथून पुढं जात नाहीत, ती फाइल पहिल्यापासून लावतात. धनगराला एका जागी तासभर कोण बसू देतंय? मेंढरू पांगलं की डब्बा बंद. त्यामुळं झालं असं, की वॉचमननं दंडुका उगारला इथपर्यंतची गोष्ट आमच्या माळावर सगळ्यांना तोंडपाठ, आणि पुढं मार कुणी खाल्ला ते एकालाही माहीत नाही. बाजारात यावरून दोघांची जुंपली. एक म्हणे वॉचमन पडला, दुसरा म्हणे आत्या पडली. आत्या पडली म्हणणाऱ्याला आत्यानं तिथंच आडवं केलं, तेव्हा निकाल लागला. त्यानंतर मी प्रत्येक दगडाचे छोटे तुकडे करायला लागलो, पुढं नंबर घालायचा आणि दोन तुकड्यांच्या मधे एखादं गाणं. पॉडकास्टच्या धंद्यात मी लावलेला शोध म्हणाल तर एवढाच.

इंटरनेटवरही मी 'गोफण' टाकत होतो. तिथं ऐकणारी मोजकी डोकी, त्यातही निम्म्या वेळा मीच. श्रोते कसे वाढवावेत यावर मी बरंच वाचलं. शेअर करा म्हणावं, मित्रांना सांगा म्हणावं. आत्याला सांगितलं तर तिनं दगड संपताना स्वतःच्या मनानं जोडून टाकलं, "आन् ह्ये दुसऱ्याच्या डब्ब्यात भरलं न्हाई, तर यंदा तुझ्या एका बी मेंढीला कोकरू व्हायचं न्हाई. बिरोबाची आन हाय." झालं! लोक दुकानात रांग लावून कार्डं घेऊन यायला लागले. बायकोनं सांगितलेलं विसरतील, पण कोकरांची जोखीम आमच्यात कुणी घेत नाही.

वर बाजारात ती तपासणी घ्यायची. दिसला धनगर की धरलं मुंडासं. "सांग, पातेलं कुणाच्या टाळक्यात बसलं?" उत्तर चुकलं की नडगीवर काठी. माणसं तिला चुकवायला भाजीच्या पालांमागं लपायची, पण ऐकायची मात्र चुकत नव्हती. पालीच्या धरणाकडचे कळप, नेकनूरचा बाजार, असं करत तिचा आवाज पांगत गेला. ऊसतोडीच्या टोळ्यांनी तो पार खालती फडांत नेला. तिकडून परतलेला एकजण मुद्दाम तिला बघायला आला आणि म्हणाला, "आजी, मला वाटलं तुमी धिप्पाड असाल." 'आजी' म्हटल्याबद्दल त्याला एक आणि 'धिप्पाड'बद्दल दुसरी, अशा दोन थोबाडीत खाऊन तो अगदी खूश होऊन गेला.

इथपर्यंतचं सांगताना मला हसू येतं. पुढचं सांगताना अजूनही दात-ओठ आवळले जातात, पण ते सांगितल्याशिवाय आत्या सांगून होत नाही.

बिरा तिचा एकुलता एक पोरगा, माझा आतेभाऊ. आईच्या अगदी उलट. कुत्र्याला हाड म्हणतानासुद्धा त्याचा आवाज चढायचा नाही. आत्या चिडायची, "ह्याला माझं दूध पचलंच न्हाई." नवरा लवकर गेल्यावर तिनं याच्याकडं बघून कळप सांभाळला होता, आणि एवढी हात उचलणारी बाई, पण बिराला तिनं कधी चापट मारलेली कुणी पाहिली नाही.

आमच्या भागात एक अण्णा आहेत. जमीन, ट्रॅक्टर, जीप, आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांची माणसं ज्यांच्या ओसरीवर चहाला येतात, असे. गावच्या पाझर तलावावर त्यांची पाणी उपसायची मोटार. पाणी सरकारचं, पण उन्हाळ्यात तिथं दुसऱ्याचं जनावर दिसलं की त्यांच्या दोन पोरांचं डोकं फिरायचं. त्या उन्हाळ्यात बिरा मेंढरं पाण्यावर घेऊन गेला. दिवस मावळायला मेंढरं एकटीच वस्तीवर आली. बिरा तलावाच्या सांडव्याखाली सापडला. कवटी फुटलेली, एक पाय गुडघ्यातून उलटा वळलेला. शेजारी त्याचा कुत्रा, त्याचंही डोकं ठेचलेलं. पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरून दगडावर पडला. आत्या ठाण्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं एकच विचारलं, "सायब, कुत्रा बी घसरला का?"

"साक्षीदार आण बाई, मग बोल," असं तिला सांगण्यात आलं.

ती रडली नाही. बिराला शेवटची अंघोळ घालताना तिनं त्याच्या अंगावरचा एकेक वळ बोटानं चाचपला. मेंढरू फाडलेलं असलं की ते लांडग्यानं फाडलं का कुत्र्यानं, हे धनगरीण दातांच्या खुणांवरून सांगते. तसं तिनं पोरगं वाचलं. हा लोखंडी टामीचा घाव, हा काठीचा, हा मागून, हा पडल्यावर. दुसऱ्या दिवशी ती तलावाच्या वरच्या माळावर गेली. तिथं मेंढरांच्या लेंड्या पडलेल्या होत्या, अजून वाळल्या नव्हत्या. म्हणजे बिराला मारत होते तेव्हा वर कुणाचा तरी कळप होता, आणि कळपासोबत माणूस होता.

पण बोलणार कोण? आमच्याकडं शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्र रात्र कळप एका रानात कोंडायचा, लेंडी-मुतानं जमीन भरते, त्याबद्दल धनगराला धान्य मिळतं, पैसा मिळतो. उन्हाळ्यात सगळ्यात मोठं रान अण्णांचं. त्यांच्याशी वाकडं केलं की रान गेलं, पाणी गेलं. ज्याच्यात्याच्या तोंडाला कुलूप.

आत्या दुकानात आली. धपाटा बसला नाही. मी मान वळवून बघितलं तर ती दारातच उभी होती. म्हणाली, "दगड टाकायचा हाय."

मी म्हणालो, "आत्या, नावं घेऊ नको. आपण इथंच राहतो. माझी लेकरं इथंच शाळेत जातात."

"नावं घेनार. तुला भ्या वाटत आसंल तर फोन चालू करून भायेर जा."

मी बाहेर गेलो नाही. बिरा माझाही भाऊ होता. तो दगड मी एका दमात भरला, एकही तुकडा कापला नाही. "काठी टेकव मुडद्या, आन् ऐक. पयला घाव डाव्या खांद्यावर, मागून. दुसरा गुडघ्यावर, टामीचा. हाड भायेर आलं." असे तिनं घाव सांगितले, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. अण्णांच्या दोन्ही पोरांची नावं घेतली. "माझा वाघ लढला," म्हणाली, "एकट्यानं दोघांला लोळवलं, मंग त्येंनी मागून डोकं फोडलं." आणि शेवटी आवाज जराही न हलवता, "तुमच्यातल्या एकानं ह्ये बघितलंय. लेंड्या वल्या व्हत्या. म्या हुडकत फिरनार न्हाई. तूच ये."

बिरा लढला असेल यावर माझा विश्वास नव्हता. पण हे तिला सांगायची छाती कुणाची होती?

तो दगड किती डब्ब्यांत गेला ते बिरोबालाच माहीत. लोक कार्ड पुढं करायचे आणि खाली बघत म्हणायचे, "त्यो भर." पंधरवडाही झाला नसेल. अण्णांच्या रानात एक कळप बसवायला आला होता. अण्णा संध्याकाळी बांधावर उभे राहून कुठला तुकडा भरायचा ते दाखवत होते. एडक्याच्या गळ्यात डब्बा, डब्ब्यात गाणं चाललेलं. गाणं संपलं आणि त्यांच्याच रानात, त्यांच्याच मजुरांसमोर आत्या बोलायला लागली. धनगर बंद करायला धावला तर एडका पुढं आणि हा मागं, सगळ्या रानभर. अण्णा शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले म्हणतात. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठं भरून मिळतं हे?"

दुसऱ्या दिवशी भर बाजारात त्यांची दोन्ही पोरं माझ्या दुकानात शिरली. थोरल्यानं टामीनं काउंटरची काच फोडली. धाकट्यानं फळीवरचे डब्बे खाली ओढले आणि बुटाखाली चिरडत म्हणाला, "तुला लई भरायची खाज हाय का बे?" मी त्याची गचांडी धरली. मी काही आत्या नाही, पण रक्त तेच आहे. त्यानं माझा हात काउंटरवर दाबला आणि थोरल्यानं त्यावर टामी घातली. बोटं मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला आणि मग दुखलं. तोंडावर, बरगडीवर लाथा बसत होत्या. बाहेर सगळा बाजार गप उभा होता.

आत्या मेंढ्यांच्या बाजारात होती. कुणीतरी तिला सांगितलं असणार. मी जमिनीवरून पाहिलं ते एवढंच, की गर्दी दुभंगली आणि गोफणीचा फटकारा ऐकू आला. दगड थोरल्याच्या कपाळावर बसला. तो पायरीवर बसकण मारून खाली गेला, डोळ्यांत रक्त. दुसरा दगड लावायला तिला वेळ मिळाला नाही. धाकटा टामी उचलून धावला आणि त्यानं ती सरळ तिच्या तोंडावर मारली. जबडा तुटला, दात बाहेर पडले. आत्या गुडघ्यावर आली, परत उठली, हातातल्या गोफणीनं त्याच्या तोंडावर फटके मारत राहिली. त्यानं आणखी एकदा मारलं तेव्हा पडली. पण तेवढ्यात बाजाराला जाग आली होती. भाजीवाल्या बायका, धनगर, सगळे त्या दोघांवर तुटून पडले. पोलीस आले नसते तर दोघेही त्या दिवशी तिथंच संपले असते, आणि मला वाईट वाटलं नसतं, हे मी आजही खरं सांगतो.

लोकांनी फोनवर ते सगळं काढलं होतं. ते इतकं पसरलं की वरून दुसरे अधिकारी आले, बिराची फाइल परत उघडली आणि खुनाचा खटला उभा राहिला. आणि आता चमत्कार बघा. कालपर्यंत मुके असलेले धनगर एकामागून एक साक्षीला तयार झाले. आत्याचं रक्त बघून त्यांना लाज वाटली होती. मला वाटलं, जिंकलो.

जिल्ह्याच्या कोर्टात पहिला साक्षीदार उभा राहिला. "पयला घाव डाव्या खांद्यावर, मागून. दुसरा गुडघ्यावर, टामीचा. हाड भायेर आलं." दुसरा आला. "पयला घाव डाव्या खांद्यावर, मागून." तिसऱ्यानं तर न्यायाधीशांकडं बघून "काठी टेकव" इथपासूनच सुरुवात केली, मग जीभ चावली. समोरच्या वकिलानं प्रत्येकाला हसत हसत एकच विचारलं, "मोटार कुठल्या काठाला होती?" एकालाही सांगता आलं नाही. कसं सांगणार? कुणी त्या दिवशी पालीला होता, कुणी नेकनूरला. आत्यासाठी खोटं बोलायला आले होते बिचारे, आणि तिनं सांगितलेलं अक्षर न अक्षर पाठ करून आले होते. वकील म्हणाला, "साहेब, हे साक्षीदार नाहीत, हे पॉडकास्टचे श्रोते आहेत." मी खाली मान घातली. ज्या भरण्याचा मला एवढा अभिमान होता, त्यानंच बिराचे मारेकरी सुटणार होते. आत्या बाकावर बसून होती. वाकडा जबडा, तोंडावर पदर. तिचं बोलणं तेव्हा मलाही निम्मंच समजायचं.

मारुतीकाका रोज मागच्या बाकावर येऊन बसायचा. आमच्या भावकीतला, बिराचा मामाच लागायचा. त्यानं आत्याचा एकही दगड कधी भरून घेतला नव्हता, नुसती भजनं न्यायचा. आत्या त्याला यावरून शिव्या घालायची. त्या दिवशी तो सरकारी वकिलासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या पोरांला घरी धाडा. वर मी व्हतो."

सरकारी वकिलांनी कोर्टाची परवानगी काढली. मारुतीकाका पिंजऱ्यात उभा राहिला, मुंडासं काढून हातात धरलं. तो म्हणाला, "बिरा लढला न्हाई. त्यानं हात जोडले. मेंढरं पानी पिऊ लागलेत, तेवढी पिऊ द्या, मंग मारा, असं म्हनला. त्येंनी ऐकलं न्हाई. मला बघितलं त्यानं वर. मारुतीमामा, मारुतीमामा, असा वरडला. म्या कळप फिरवला आन् मागल्या अंगाला उतरलो. मला अन्नाच्या रानात मेंढरं बसवायची व्हती." समोरच्या वकिलानं हसत मोटार विचारली. मारुतीकाकानं काठ सांगितला, जीप कुठं उभी होती ते सांगितलं. थोरल्याची चप्पल तुटली आणि ती त्यानं पाण्यात भिरकावली, तेही सांगितलं. वकिलाचं हसू गेलं. मी आत्याकडं बघायचं टाळत होतो.

दोन्ही पोरांना जन्मठेप झाली. वरच्या कोर्टात अपील चालू आहे आणि अण्णांच्या ओसरीवर चहा अजूनही होतो. मारुतीकाकाला त्या भागात कुणी रान देत नाही, तो कळप घेऊन लांब फिरतो. निकाल लागला तेव्हा आत्या नव्हती. जबडा बरा झालाच नाही, खाणं तुटलं आणि ती झडत गेली. शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसायचो. ती मला मारायला हात उचलायची आणि तो माझ्यापर्यंत पोचायचा नाही. तेव्हा मीच पुढं सरकायचो. तिच्याइतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही, माझ्या आईनंसुद्धा नाही. आईला वाईट वाटेल, पण आहे ते असं आहे.

मला मात्र तिची आठवण झाली की साक्षीच्या दिवसाची दुपार आठवते. कोर्टाबाहेर लिंबाखाली मारुतीकाका खाली मान घालून बसला होता. आत्या काठी टेकत त्याच्याकडं निघाली तसे आजूबाजूचे बाजूला झाले. मीही अडवलं नाही. मला वाटलं, आता ही याचं डोकं फोडणार, आणि तो फोडून घेणार. त्यानं तर मुंडासं काढूनच ठेवलं होतं.

आत्या त्याच्या पुढ्यात बसली. काठी बाजूला ठेवली. वाकड्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बिरा अजून काय म्हनला?"

सवयीनं माझा हात खिशातल्या फोनकडं गेला. तिनं न बघता काठीनं माझ्या मनगटावर फटका दिला. "ह्ये न्हाई भरायचं." मी लांब जाऊन उभा राहिलो. मारुतीकाका तिच्या कानाशी वाकला आणि बोलायला लागला. काय बोलला ते मला माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही. जन्मभर दुसऱ्याला गप करून बोलत आलेली माझी आत्या मान खाली घालून, मधे एक शब्द न काढता ऐकत होती. त्याचं सांगून झालं. त्याच्यानं पुढं बसवेना, तो उठायला लागला. आत्यानं त्याच्या धोतराचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

"परत सांग," ती म्हणाली.

मारुतीकाकानं मुंडाशानं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.